हॅरॉल्ड ह्यूज : ट्रकचालक ते सिनेटर, आणि व्यसनी कामगाराला उपचाराचा हक्क देणारा कायदा

दारू पिऊन कामावर आलेल्या कामगाराचे काय करायचे? आपल्याकडे या प्रश्नाची दोनच उत्तरे ठरलेली आहेत. कायम कामगार असेल तर नोटीस, चौकशी आणि शेवटी बडतर्फी. ठेकेदाराकडचा असेल तर 'उद्यापासून येऊ नकोस' एवढे एक वाक्य. दोन्हीकडे दारू सुटत नाही, रोजी मात्र सुटते. त्याची किंमत बायको आणि मुले मोजतात.

या प्रश्नाचे तिसरे उत्तर अमेरिकेत कायद्याच्या रूपाने १९७० साली आले. तो कायदा मांडणारा सिनेटर स्वतः एकेकाळी ट्रक चालवत होता आणि स्वतः दारूत बुडालेला होता. त्याचे नाव हॅरॉल्ड एव्हरेट ह्यूज. मराठीत त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. वस्तीत, युनियनमध्ये आणि व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या तरुण कार्यकर्त्यांना त्यांचे काम माहीत असावे, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

आयडा ग्रोव्हचा ट्रकवाला

ह्यूज यांचा जन्म १० फेब्रुवारी १९२२ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, आयडा ग्रोव्ह या छोट्या गावाजवळ झाला. आयोवा म्हणजे मक्याची शेती आणि डुकरांचे पालन यांवर जगणारा प्रदेश. फुटबॉलच्या जोरावर ते विद्यापीठात पोहोचले, पण शिक्षण पूर्ण झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात दाखल होऊन ते उत्तर आफ्रिका, सिसिली आणि इटलीच्या आघाड्यांवर लढले. एका अधिकाऱ्यावर हात उचलल्याबद्दल त्यांचे कोर्ट मार्शलही झाले होते.

युद्धानंतर ते ट्रकच्या धंद्यात शिरले. आधी चालक, मग एका वाहतूक कंपनीचे व्यवस्थापक. मोठ्या कंपन्या आणि सरकारी नियम यांच्या कात्रीत सापडलेल्या लहान ट्रकवाल्यांना त्यांनी एकत्र आणले आणि 'आयोवा बेटर ट्रकिंग ब्युरो' ही संघटना उभी केली. त्यांचे सार्वजनिक आयुष्य असे श्रमिकांच्या संघटनेतून सुरू झाले.

या सगळ्या काळात दारू सोबत होती. घरी दिलेले शब्द मोडणे, पिऊन बेपत्ता होणे, शुद्धीवर आल्यावर पश्चात्ताप करणे आणि पुन्हा पिणे, हे चक्र चालू होते. १९५२ मध्ये ते आयुष्य संपवण्याच्या टोकापर्यंत गेले आणि तेथून मागे फिरले. त्या रात्री त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेचा आधार घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. मात्र ही एका रात्रीत झालेल्या परिवर्तनाची गोष्ट नाही. १९५४ मध्ये ते पुन्हा प्याले. त्यानंतर, १९५५ मध्ये त्यांनी आयडा ग्रोव्हमध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'एए'चा गट सुरू केला.

हा क्रम लक्षात घ्या. आधी सुटका, मग घसरण, मग पुन्हा उभे राहणे आणि त्यानंतर इतरांना हात देणे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही हा क्रम नवा वाटणार नाही.

प्रचारात उघड झालेली घसरण

१९५८ मध्ये ह्यूज आयोवाच्या वाणिज्य आयोगावर निवडून आले. १९६२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते राज्याचे गव्हर्नर म्हणून विजयी झाले आणि सलग तीन निवडणुका जिंकल्या.

त्यांची १९६२ ची मोहीम ज्या मुद्द्यावर गाजली तो ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. आयोवात तेव्हा कडक दारू फक्त सरकारी दुकानातून बाटलीने विकत मिळे. बारमध्ये पेल्याने विकणे बेकायदा होते, तरी ती सर्रास विकली जाई आणि पोलीस डोळेझाक करत. व्यसनातून बाहेर आलेल्या ह्यूज यांनी पेल्याने विक्रीला कायदेशीर परवानगी द्या, अशी भूमिका घेतली. सगळ्यांना ठाऊक असलेले खोटे कायद्याच्या नावाखाली चालवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. १९६३ मध्ये कायदा बदलला.

१९६४ च्या निवडणुकीत विरोधी उमेदवाराने १९५४ च्या घसरणीचा विषय काढला आणि ह्यूज यांनी ती लपवली असा आरोप केला. ह्यूज यांनी ती गोष्ट मान्य केली. मतदारांनी त्यांना आधीपेक्षा कितीतरी मोठ्या मताधिक्याने निवडून दिले. व्यसनी माणूस बरा होऊ शकतो, राज्य चालवू शकतो आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवू शकतात, हे त्या निकालाने उघडपणे दाखवले.

त्याआधीची पार्श्वभूमी

ह्यूज यांचे काम शून्यातून उभे राहिले नव्हते. १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या टायर कारखान्यांच्या शहरात शेअर बाजारातील बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ या दोन व्यसनी माणसांची भेट झाली आणि एए जन्माला आली. तिचा गाभा साधा आहे : दारुड्याचे दारुडाच ऐकतो, आणि दुसऱ्याला मदत करणारा स्वतःही प्यायचा थांबतो. १९३९ मध्ये आलेल्या एएच्या मुख्य पुस्तकात मालकवर्गाला उद्देशून एक स्वतंत्र प्रकरण होते.

१९४० च्या दशकात काही मोठ्या अमेरिकी उद्योगांनी आपल्या कारखान्यांत मद्यपी कामगारांसाठी कार्यक्रम सुरू केले. त्यात ड्युपॉन्ट ही रसायन कंपनी ठळक होती. कंपनीचा डॉक्टर एका बाजूला आणि व्यसनातून बाहेर आलेला एए सदस्य दुसऱ्या बाजूला, अशी ती जोडी असे. व्यसनमुक्त माणसाला कामगारांच्या समुपदेशनासाठी पगारी नेमण्याची सुरुवात येथून झाली.

१९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. कायदा मात्र तेथवर पोहोचला नव्हता. टेक्सासमध्ये बूट पॉलिश करून पोट भरणाऱ्या लिरॉय पॉवेल यांना सार्वजनिक ठिकाणी नशेत असल्याबद्दल पुन्हा पुन्हा अटक झाली होती. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम ठेवली. श्रीमंताची दारू त्याच्या दिवाणखान्यात लपते, गरिबाची रस्त्यावर दिसते. त्यामुळे अशा कायद्याचा बडगा कोणावर पडतो, हे वेगळे सांगायला नको.

१९७० चा ह्यूज कायदा

१९६९ मध्ये ह्यूज सिनेटमध्ये पोहोचले आणि मद्यासक्ती व अमली पदार्थ या विषयावरील विशेष उपसमितीचे अध्यक्ष झाले. जुलै १९६९ मध्ये समितीपुढे सुनावण्या झाल्या. एएचे सहसंस्थापक 'बिल डब्ल्यू.' या नावाने साक्षीला आले. अभिनेत्री मर्सिडीज मॅककेंब्रिज यांनी स्वतःच्या व्यसनाबद्दल जाहीरपणे सांगितले. जे दुःख आजवर घराच्या भिंतीआड राहत होते, ते संसदेच्या नोंदीत आले.

३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या स्वाक्षरीने कायदा झाला. त्याचे अधिकृत नाव लांबलचक असले तरी लोक त्याला 'ह्यूज कायदा' म्हणूनच ओळखतात. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

१. मद्यासक्तीवर संशोधन, प्रतिबंध आणि उपचार यांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि राज्यांना निधी देण्याची व्यवस्था झाली.

२. केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी उपचार व पुनर्वसनाचे कार्यक्रम सुरू करणे बंधनकारक झाले.

३. सुरक्षेशी संबंधित काही पदे वगळता, केवळ पूर्वी दारूचे व्यसन होते म्हणून कोणाला केंद्राची नागरी नोकरी नाकारता येणार नाही, असे ठरले.

४. सरकारी निधी घेणाऱ्या सर्वसाधारण रुग्णालयांनी केवळ मद्यपी आहे म्हणून रुग्णाला दाखल करून घेण्यास नकार देऊ नये, अशी तरतूद आली.

५. उपचाराच्या नोंदी गोपनीय ठेवण्याचे संरक्षण मिळाले.

या पाच मुद्द्यांकडे हक्कांच्या भाषेत पाहिले पाहिजे. उपचार ही मालकाची किंवा दानशूर संस्थेची कृपा न राहता राज्याची जबाबदारी झाली. आंबेडकरी चळवळीतल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. दयेवर मिळालेली गोष्ट कधीही काढून घेता येते, कायद्याने मिळालेली तशी काढता येत नाही.

कारखान्यात हे काम कसे चालते

१९७१ मध्ये कामगार संघटना आणि व्यवस्थापन या दोन्ही बाजूंच्या व्यसनमुक्ती कार्यकर्त्यांची एक देशव्यापी संघटना उभी राहिली. १९७२ मध्ये नव्या राष्ट्रीय संस्थेने प्रत्येक राज्याला दोन सल्लागार नेमण्यासाठी निधी दिला. कारखान्यांत आणि कार्यालयांत फिरून व्यसनमुक्तीचे कार्यक्रम सुरू करणे हे त्यांचे काम होते. साधारण शंभर जणांच्या या फळीत स्वतः व्यसनातून बाहेर आलेले अनेक जण होते. स्वतःचे उद्ध्वस्त झालेले आयुष्य हीच त्यांची पात्रता ठरली आणि कामगारांना सोबत करणे हा त्यांचा व्यवसाय झाला.

कामाच्या पद्धतीतही मोठा बदल झाला. सुरुवातीला मुकादमाने कामगाराच्या तोंडाचा वास, लाल डोळे, थरथरते हात पाहून दारुडा ओळखावा, अशी अपेक्षा होती. यातून संशय वाढे, चुगल्या होत, आणि मुकादम डॉक्टर बनून बसे. पुढे नियम ठरला की मुकादमाने फक्त कामाकडे पाहावे. खाडे किती, उशीर किती, अपघात किती, कामाचा दर्जा कसा, याची नोंद ठेवावी. काम घसरले तर ती नोंद समोर ठेवून बोलावे आणि दोन गोष्टी एकत्र सांगाव्यात : काम सुधारले पाहिजे, आणि मदत हवी असेल तर ती येथे उपलब्ध आहे. दारू आहे, कर्ज आहे की घरचे आजारपण, हे शोधणे समुपदेशकाचे काम.

समाजशास्त्रज्ञ हॅरिसन ट्राइस आणि पॉल रोमन यांनी या पद्धतीचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत नोकरी हा व्यसनी माणसाला वास्तवाशी बांधून ठेवणारा शेवटचा दोर असतो. घरचे लोक वर्षानुवर्षे सांभाळून घेतात, मित्र पाजतात, पण पगाराची पाटी रिकामी दिसली की माणूस विचार करतो. तो दोर कापून टाकला तर माणसाला ओढून आणायला काहीच उरत नाही.

मर्यादा

या पद्धतीवर टीकाही झाली आणि ती योग्य आहे. गोपनीयता पाळली नाही तर समुपदेशकाची फाईल मालकाच्या हातातले हत्यार बनते. म्हणूनच युनियनचा सहभाग महत्त्वाचा मानला गेला. दुसरे, हा मार्ग कायम नोकरीवाल्याला उपयोगी पडतो. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याचा खाडा कोण मोजणार? तिसरे, व्यसनाला केवळ व्यक्तीचा आजार मानले की कामाची परिस्थिती नजरेआड होते. बारा तासांची पाळी, धूळ, घाण, अपमान हे तसेच ठेवून माणसाला 'सुधार' म्हणणे अपुरे आहे.

आपल्याकडची स्थिती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या व्यसनोपचार केंद्राकडून केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूमुळे निर्माण झालेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. म्हणजे ३७ जणांपर्यंत कोणीच पोहोचत नाही.

१९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील नमुना आदेशांत कामाच्या ठिकाणची नशा गैरवर्तन म्हणून नोंदली गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. एका बाजूला शिक्षा, दुसऱ्या बाजूला उपचाराचा हक्क. कारखान्याच्या दारात मात्र पहिलीच बाजू भेटते.

व्यसनमुक्त माणसांनी इतरांना सावरण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. मुंबईत १९८१ मध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू करणारे फादर ज्यो परेरा स्वतः व्यसनातून बाहेर आलेले धर्मगुरू. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये बरे झालेले रुग्णमित्र कार्यकर्ते म्हणून उभे राहिले. एएचे गट मुंबई-पुण्यासह अनेक ठिकाणी विनाशुल्क चालतात.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तेथे सफाई कामगार, नाका कामगार, हमाल यांच्याकडून एकच वाक्य वारंवार ऐकतो : 'प्यायल्याशिवाय हे काम होत नाही.' गटारात उतरणाऱ्या माणसाचे हे वाक्य केवळ सबब म्हणून उडवून लावता येत नाही. ते स्वीकारून गप्पही बसता येत नाही. जातीने लादलेले काम, त्या कामाने लावलेली दारू आणि दारूने काढून घेतलेले आयुष्य ही एकच साखळी आहे. तिच्या प्रत्येक कडीवर काम करावे लागेल.

शील आणि आजार

पंचशीलातले पाचवे शील आणि बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या प्रतिज्ञा, दोन्हींत मद्यत्यागाला स्थान आहे. जो अजून प्यायला लागलेला नाही, त्याच्यासाठी हे मोठे संरक्षण आहे. पण जो अडकला आहे, त्याला आपण कार्यक्रमात नावे ठेवतो, समितीतून काढतो आणि 'शील मोडणारा' म्हणून बाजूला करतो. शील म्हणजे स्वतःला लावून घेण्याची शिकवण. दुसऱ्याला मारण्याची काठी म्हणून ती वापरली की व्यसनी माणूस विहारापासून दूर जातो आणि गुत्त्याच्या जवळ राहतो.

एएच्या पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे आणि ह्यूज यांची वाटही ख्रिस्ती प्रार्थनेची होती. आपल्यातील अनेकांना ही अडचण वाटते. व्यवहारात ईश्वर न मानणारे असंख्य सदस्य गटालाच आधारशक्ती मानून एएत टिकले आहेत. अमेरिकेत बौद्ध शिकवणीवर चालणारे 'रिकव्हरी धर्म' हे गटही २०१९ पासून काम करत आहेत. मार्ग वेगळा असू शकतो. एकट्याने लढायचे नाही, ही गोष्ट सगळीकडे सारखी आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

• रोज भरपूर पिणाऱ्याला 'आजपासून एकदम बंद' अशी शपथ घरच्या घरी घालू नका. अचानक थांबल्यावर हातपाय थरथरणे, दरदरून घाम, झटके, भास, भ्रम होऊ शकतात आणि ते जीवघेणे ठरू शकते. आधी डॉक्टर, मग शपथ.

• पुन्हा प्याला म्हणून संबंध तोडू नका. ह्यूज १९५४ मध्ये घसरले, त्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे.

• वस्तीत व्यसनातून बाहेर आलेले दोन-तीन जण शोधा. त्यांना प्रशिक्षण मिळवून द्या आणि शक्य असेल तेथे मानधनही द्या. त्यांचा अनुभव फुकट वापरू नका. त्यांची इच्छा नसेल तर त्यांना व्यासपीठावर उभे करून कहाणी सांगायला लावू नका.

• विहाराचे किंवा समाजमंदिराचे सभागृह आठवड्यातील एक संध्याकाळ व्यसनमुक्ती गटासाठी राखून ठेवा. त्याच वेळी पत्नी आणि आई यांच्यासाठी वेगळी बैठक घ्या.

• युनियनमध्ये असाल तर करारात तीन मागण्या घाला : बडतर्फीपूर्वी उपचाराची संधी, उपचारकाळात नोकरीचे संरक्षण आणि नोंदींची गोपनीयता. ठेकेदारी कामगारांसाठी याच मागण्या मुख्य मालकाकडे, म्हणजे महापालिकेकडे किंवा कंपनीकडे न्या.

• केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेलिमानस' १४४१६ हे क्रमांक विनाशुल्क आहेत. ते हजेरीच्या चौकीत, विहाराच्या फलकावर लावा.

ह्यूज १९७५ मध्ये सिनेटमधून स्वेच्छेने बाहेर पडले आणि धार्मिक व व्यसनमुक्तीच्या कामात राहिले. २३ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा कायदा अमेरिकेचा आहे. तो जसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही आणि आणायची गरजही नाही. पण त्यातील एक तत्त्व आजच्या आज आपल्या युनियनच्या मागणीपत्रात लिहिता येते : व्यसनी कामगाराला कामावरून काढण्याआधी त्याला बरे होण्याची एक खरी संधी मिळाली पाहिजे. ही मागणी कोणी करायची, याचे उत्तर आपल्याकडे आहे. ती आधी आपण करायची.